नाताळच्या पंगतीची पूर्वतयारी

डिसेंबर महिना उजाडला की कॉलेजातल्या मैत्रिणी हमखास विचारतात, "काय, यंदा केक कधी?" प्रश्न आपुलकीचा असतो, परंतु त्यामागे असा एक समज असतो की नाताळचे जेवण म्हणजे बेकरीतून आणलेला केक आणि त्याच्या जोडीला थोडे मटण. आपल्या मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला उत्तन, डोंगरी, पाली, चौक ही गावे आहेत. तेथील ख्रिस्ती घरांत नाताळची पंगत कशी उभी राहते, तिची आखणी कधीपासून सुरू होते आणि ती आखणी आज कागदावर उतरवण्याची गरज का निर्माण झाली आहे, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

प्रथम थोडा इतिहास. 1534 साली वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतला. मधल्या दोनशे वर्षांत या किनाऱ्यावरील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. धर्म बदलला, तरी भाषा मराठीच राहिली. पुढे 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, मुंबई परिसरातील या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. नाव इंग्रजी असले तरी घरात बोलली जाते ती मराठीचीच एक बोली. खुद्द 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून आलेला आहे. 'पाव', 'बटाटा', 'काजू' हे शब्दही त्याच वाटेने आले आणि आज साऱ्या महाराष्ट्राचे झाले.

आमच्या स्वयंपाकातही हीच सरमिसळ दिसते. 'इंद्याल' या पदार्थाचे उदाहरण घ्या. पोर्तुगीज लोक मांस द्राक्षाची दारू आणि लसूण यांत मुरवून ठेवीत. त्या प्रकाराच्या नावावरूनच गोव्यात 'विंदालू' आणि आमच्याकडे 'इंद्याल' हे शब्द झाले. विंदालूचा बटाट्याशी, म्हणजे 'आलू'शी, काहीएक संबंध नाही! दारूच्या जागी आपल्याकडे शिरका, म्हणजे व्हिनेगर, आला. पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलेली मिरची त्यात पडली आणि पदार्थ आपला झाला.

आता मुख्य विषयाकडे वळू. नाताळच्या जेवणाची खरी सुरुवात एप्रिल-मे महिन्यात होते, असे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल. त्या कडक उन्हात बाटली मसाला तयार होतो. मिरच्या, धणे, हळद, खसखस, तीळ, गहू, हरभऱ्याची डाळ आणि निरनिराळे गरम मसाले असे वीस-पंचवीस जिन्नस उन्हात वाळवून, वेगवेगळे भाजून, कुटून बाटल्यांत ठासून भरतात. बाटल्या बियरच्या, काळपट काचेच्या. गडद काचेमुळे उजेड आत शिरत नाही आणि अरुंद तोंडामुळे दमट हवा कमी लागते. त्यामुळे मसाल्याचा रंग आणि वास वर्षभर टिकतो. मे महिन्यात ज्या घरी मसाला झाला नाही, त्या घराला डिसेंबरात तो शेजारून मागावा लागतो किंवा विकत घ्यावा लागतो.

दुसरा टप्पा आगमनकाळाचा. नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा हा काळ. त्यातला पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. याच रविवारी माणसांची मोजणी करावी, हे उत्तम. लग्न होऊन वसईला गेलेली आत्या येणार का, बोटीवर नोकरीला असलेला काका सुट्टीवर असेल का, लहान मुले किती, तिखट न चालणारी वृद्ध माणसे किती, हे एकदा कळले की पुढचा हिशेब सोपा होतो.

वीस माणसांच्या एका जेवणाचा अंदाज आमच्या घरी साधारण असा निघतो : फुग्यांसाठी 2 किलो मैदा, सोरपोतेलसाठी काळजासह 2 किलो डुकराचे मांस, इंद्यालसाठी 1 किलो, कोंबडीच्या खुडीसाठी 2 किलो कोंबडी आणि दीड किलो तांदूळ. 1 किलो मैद्याचे लहान आकाराचे 50 ते 55 फुगे होतात, म्हणजे माणशी पाच फुगे सहज येतात. तीन प्रकार मांसाचे असल्यामुळे प्रत्येक प्रकार थोडा थोडाच पानात पडतो. नवखी माणसे प्रत्येक पदार्थ वीस जणांना पोटभर पुरेल असा धरतात, आणि मग दोन दिवस उरलेले अन्न संपवत बसावे लागते. सणाच्या तोंडावर मांसाचे आणि मासळीचे भाव चढतात. म्हणून खाटकाकडे आठवडाभर आधी मागणी नोंदवणे आणि खर्चासाठी दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला ठेवणे, या दोन गोष्टी बेतात बसायला हव्यात.

तिसरा टप्पा पदार्थांचा क्रम ठरवण्याचा. याचे सूत्र सोपे आहे : जे टिकते ते आधी, जे नासते ते शेवटी. कुलकुल, नेवऱ्या आणि पेरूची वडी हे पदार्थ नीट झाले तर कित्येक दिवस टिकतात. ते 15 डिसेंबरपासून करायला घ्यावेत. कुलकुलाची गोळी नव्या कोऱ्या कंगव्यावर किंवा काट्याच्या चमच्यावर दाबून वळली की शिंपल्यासारखा आकार येतो. हे काम एकट्याने करायला गेल्यास रात्र सरत नाही. दहा जण बसले तर गप्पांत संपते. गोव्यात आणि मंगळूरकडे नाताळच्या फराळाला 'कुस्वार' म्हणतात. तेथेही हीच सामुदायिक पद्धत आहे.

भाईंदरसारख्या गावात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आमच्या शेजारी शाकाहारी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि नाताळचे ताट शेजारी गेल्याशिवाय सण पुरा होत नाही. म्हणून अंडे न घातलेले कुलकुल आणि नेवऱ्या नव्या तेलात सर्वांत आधी तळून वेगळ्या डब्यात भराव्यात. अंड्याचे पदार्थ त्यानंतर. दिवाळीला त्यांच्याकडून फराळ येतो तो आपण निःशंक मनाने खातो. आपले ताटही त्यांना तितक्याच निःशंक मनाने खाता आले पाहिजे.

सोरपोतेल 22 किंवा 23 तारखेला करावे. मांस उकडून, बारीक चिरून, परतून मसाल्यात आणि शिरक्यात शिजवतात. शिरक्याच्या आंबटपणामुळे अन्न नासवणाऱ्या जंतूंची वाढ मंदावते आणि मसाला आत मुरतो. म्हणूनच शिळे सोरपोतेल ताज्यापेक्षा चवदार लागते. पूर्वी ते रोज चुलीवर उकळून ठेवत. आता फ्रीज आहे. तरी ते लहान भांड्यांत वाटून ठेवावे आणि लागेल तेवढेच काढून चांगले उकळावे. भरलेले पातेले पुन्हापुन्हा बाहेर काढणे इष्ट नाही.

फुग्यांचे पीठ 24 तारखेला. मैदा, अंडी, नारळाचे दूध आणि आंबवण्यासाठी ताडी, ही जुनी रीत. आता बहुतेक घरी यीस्ट वापरतात. थंडीत पीठ फुगायला उन्हाळ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. संध्याकाळी फुगे हवे असतील तर पीठ सकाळीच भिजवले पाहिजे, कारण मध्यरात्रीच्या मिस्सेला जायचे असते. मासळी मात्र आदल्या दिवशीही शिजवून ठेवू नये. ती ताजी आणावी आणि 25 तारखेलाच तळावी. भात आणि कोशिंबीरही त्याच दिवशी.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, एवढी आखणी आमच्या आज्यांनी कधी केली होती? केली होती, फक्त ती कागदावर नव्हती. जुन्या घरात चुलत्या, आत्या, सुना अशा आठ-दहा बायका एका अंगणात असत. एकीने मैदा भिजवला की दुसरी तेल तापवी. कोणाला काही सांगावे लागत नसे. परंतु आज तीच कुटुंबे मीरा रोडच्या, नालासोपाऱ्याच्या छोट्या फ्लॅटांत विखुरली आहेत. घरात दोन शेगड्या, ओटा हातभर, आणि नोकरी करणारी एकटी गृहिणी. आठ जणींचे काम तिच्या एकटीवर येते. सर्वांची पाने वाढून झाल्यावर ती कोपऱ्यात उभ्या-उभ्या दोन घास खाते, आणि आपण मात्र 'जेवण झकास झाले' असे म्हणून हात धुतो. येशूचा जन्म गोठ्यात झाला, श्रीमंतीचा थाट तेथे नव्हता, असे आपण दरवर्षी प्रवचनात ऐकतो. मग त्या जन्माच्या आनंदाचे ओझे एकाच खांद्यावर का?

म्हणून आखणी म्हणजे केवळ पदार्थांची यादी नव्हे, ती कामाची वाटणी आहे. कागदावर तीन रकाने करावेत : काय करायचे, कोणत्या दिवशी, आणि कोणी. तिसऱ्या रकान्यात घरातील पुरुषांची आणि मुलांची नावे आली पाहिजेत. मांस चिरणे, नारळ खवणे, गॅसचा जादा सिलिंडर आधीच भरून ठेवणे, जेवणानंतर पातेली घासणे यांत बाईनेच करावे असे काय आहे? येणाऱ्या पाहुण्यांनीही एकेक पदार्थ वाटून घ्यावा. वसईची आत्या इंद्याल घेऊन आली तर यजमानांचा मान मुळीच कमी होत नाही.

दुसरे असे की, हे ज्ञान लिहून ठेवले पाहिजे. आमच्या आजीची मापे म्हणजे 'त्या पितळी डब्याने दोन', 'मूठभर', 'वास येईपर्यंत'. तिला लिहिता येत नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, म्हणून वहीचे काम माझ्याकडे आले. ती डबा भरते, मी तो वजनकाट्यावर ठेवून ग्रॅममध्ये आकडा लिहिते. 'वास येईपर्यंत' म्हणजे किती मिनिटे, हेही घड्याळ लावून पाहते. आकड्यांनी सारे पकडता येत नाही हे खरे. भाजलेल्या धण्यांचा वास वहीत उतरत नाही. तरीही वही असली तर निदान सुरुवात कोठून करायची ते पुढच्या पिढीला कळेल.

कॉलेजात आपण राजांच्या सनावळ्या पाठ करतो, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या घरच्या चुलीचाही एक इतिहास आहे आणि तो सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत. माझ्या सहाध्यायांना, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, एवढेच सुचवावेसे वाटते की आपल्या घरच्या सणाची अशी एक वही आजच सुरू करा. आणि तिच्यातल्या तिसऱ्या रकान्यात पहिले नाव स्वतःचे लिहा.