दोन वर्षांचा नायक

'किंग काँग'मध्ये (1933) कवटी बेटावरचा टोळीप्रमुख चाललेला विधी थांबवून गोऱ्या पाहुण्यांकडे येतो. डोक्याला पिसांचा साज, पावले संथ. सोनेरी केसांच्या नायिकेच्या बदल्यात तो आपल्या सहा बायका देऊ करतो. 'किंग काँग'च्याच जंगलाच्या सेटवर चित्रित झालेल्या 'द मोस्ट डेंजरस गेम'मध्ये (1932) दाढीवाला, मुका कोसॅक नोकर इव्हान आहे. दोन्ही भूमिका एकाच नटाच्या, नोबल जॉन्सनच्या. 'द थीफ ऑफ बगदाद'मधला (1924) हिंदुस्थानचा राजपुत्र तोच, 'मोबी डिक'मधला (1930) क्वीक्वेग तोच, 'द ममी'मधला (1932) नुबियन सेवकही तोच. त्याचा उल्लेख होतो तो बहुरूपी म्हणून, कौतुकाने. मला मात्र या बहुरूपीपणात त्याची झालेली अडवणूक दिसते. उजळ वर्णाच्या या कृष्णवर्णीय नटाला हॉलिवूडने जगभरची माणसे दिली; त्याच्या स्वतःच्या समाजातला शिकलेला, कामाधंद्याचा अमेरिकन माणूस मात्र दिला नाही.

तो त्याने स्वतः उभा केला. 1916 मध्ये नोबल आणि त्याचा भाऊ जॉर्ज यांनी सहकाऱ्यांसह लिंकन मोशन पिक्चर कंपनी सुरू केली. जॉर्ज ओमाहाच्या टपाल खात्यात नोकरीला होता, आणि नोबलची युनिव्हर्सल स्टुडिओतली कमाई या कंपनीच्या कामी येत होती. 'द रिअलायझेशन ऑफ अ नीग्रोज अँबिशन' या पहिल्या, दोन रिळांच्या चित्रपटात नोबल टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेतून शिकून आलेला इंजिनिअर झाला. तेलक्षेत्रावर त्याला वर्णामुळे काम नाकारतात. मालकाच्या मुलीचा जीव वाचवल्यावर मिळते. पुढे वडिलांच्या शेतातच तेल लागते. कथा साधी आहे, पण तिचा नायक ना विदूषक आहे, ना गुलाम, ना रानटी. 1916 च्या अमेरिकेत ही फार मोठी गोष्ट होती.

बहुरूपीपणाला मी अडवणूक म्हटले, यावर कुणी म्हणेल, नोबलचा शाळेतला मित्र, नट लॉन चेनीसुद्धा पडद्यावर नाना रूपांतच वावरला. खरे आहे, पण चेनीच्या मुखवट्याआडच्या माणसाचे दुःख हाच त्या चित्रपटांचा विषय असे. नोबलच्या वाट्याला बहुतेक वेळा नुसता मुखवटाच आला. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: 1918 मध्ये लिंकन सोडली ती त्याने स्वतःच. सोडली, पण कशामुळे? कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या थिएटरांत लिंकनचे चित्रपट युनिव्हर्सलच्या चित्रपटांचे प्रेक्षक ओढू लागले, आणि युनिव्हर्सलने आपल्या पगारी नटावर दबाव आणला. ज्या पगारावर त्याचे घर आणि कंपनी दोन्ही अवलंबून, तोच पणाला लागल्यावर घेतलेल्या निर्णयाला मी स्वेच्छा म्हणणार नाही.

1921 मध्ये लिंकनचे काम थांबले. नोबल पुढे जवळजवळ तीन दशके पडद्यावर राहिला आणि 1978 मध्ये, 96 व्या वर्षी वारला. जॉर्जने जपलेले कागद लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात आहेत. लिंकनच्या चित्रपटांपैकी मात्र 1921 च्या 'बाय राइट ऑफ बर्थ'चे काही तुकडे तेवढे उरले आहेत, आणि तो चित्रपट निघाला तेव्हा नोबलने कंपनी सोडून तीन वर्षे झाली होती.