युद्ध झालं, तपास राहिला

२०२५ च्या मे महिन्यात पहलगामच्या हल्ल्याचा सूड घेतला म्हणून आमच्या भागात फटाके वाजले. दोन महिन्यांनी, २१ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं. सरकारी पक्ष गुन्हा सिद्ध करण्यात साफ अपयशी ठरला, असं न्यायालय म्हणालं. त्या दिवशी कुणी रस्त्यावर आलं नाही. १८९ माणसं कुणी मारली हे एकोणीस वर्षांनीही ठरलेलं नाही, आणि युद्धाच्या घोषणा देणाऱ्यांना त्याची चीड आली नाही. ते मला अजून सलतं.

१९९३ च्या साखळी स्फोटांवर पुस्तकं झाली, सिनेमे झाले. ते पुन्हा सांगत नाही. २०११ नंतरची वर्षं मुंबईपुरती तशी शांत गेली. माझ्या मनात रुतून बसलंय ते मधलं दशक. डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपरला बसमध्ये स्फोट, मार्च २००३ मध्ये मुलुंडला लोकलमध्ये, ऑगस्टमध्ये गेट वे आणि झवेरी बाजार. सीटखाली बेवारशी पिशवी दिसली की अख्खा डबा गप्प व्हायचा, असे ते दिवस.

आणि मग ११ जुलै २००६. चर्चगेटहून सुटलेल्या गाड्यांच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. रुळांलगतच्या वस्त्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली, चादरींच्या झोळ्या करून जखमींना रस्त्यापर्यंत नेलं. कोण हिंदू, कोण मुसलमान, हे कुणी विचारलं नाही. रुग्णालयांबाहेर रक्त द्यायला रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच मार्गावरून कामावर गेलो. डब्यातलं बोलणं मला आठवतं: कुणी केलं असेल, सापडतील का. लाहोरवर बॉम्ब टाका म्हणणारेही होते, पण त्यांचं कुणी फारसं मनावर घेत नव्हतं. ती समज आपण पुढे गमावली.

तिला अनुभवाचा आधार होता. संसदेवरच्या हल्ल्यानंतर 'ऑपरेशन पराक्रम' म्हणून सैन्य दहा महिने सीमेवर उभं राहिलं. लढाई झालीच नाही. सुरुंग पेरताना आणि अपघातांत शेकडो जवान मात्र गेले.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर स्टुडिओत बसलेले निवेदक युद्ध मागत होते आणि मनमोहन सिंग सरकारला नेभळट ठरवत होते. त्यांनी आज हिशेब द्यावा. पोलीस तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर अंगावर गोळ्या घेत हल्लेखोर कसाबच्या बंदुकीची नळी सोडली नाही, म्हणून तो जिवंत हाती लागला. तो जिवंत होता म्हणूनच कट पाकिस्तानात शिजला हे आर्थर रोडच्या न्यायालयात जगासमोर पुराव्यानिशी मांडता आलं. त्याला वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील ऐकलं गेलं, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. पुढे पाकिस्तान दहशतवादाचा पैसा रोखणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटाच्या करड्या यादीत गेला, पैशाच्या नाड्या आवळल्या गेल्या, तेव्हा २०२० मध्ये लाहोरच्या न्यायालयाने मुंबई हल्ल्याचा सूत्रधार मानल्या जाणाऱ्या हाफिज सईदला दहशतवादासाठी पैसा उभा केल्याबद्दल शिक्षा सुनावली. मुंबईच्या १६६ मृतांसाठी नव्हे, हे खरं. तरीही तो गजाआड गेला तो कायद्याच्या दबावामुळे.

पहलगाममध्ये २६ जण मारले गेले. त्यांतले सहा डोंबिवली, पुणे, पनवेलचे. संताप मलाही आला. ७ मे रोजी भारताने सीमेपलीकडे नऊ ठिकाणी हल्ले केले. पाकिस्तानच्या तोफगोळ्यांनी पूंछमध्ये साधी माणसं मेली, लहान मुलं मेली. १० मेला शस्त्रसंधी झाली, तेव्हा पहलगामच्या बैसरणमध्ये गोळ्या झाडणारे काश्मीरच्या जंगलात मोकळेच होते. २८ जुलैला श्रीनगरजवळ दाचीगामच्या रानात त्यांना गाठलं ते कित्येक आठवडे माग काढणाऱ्या जवानांनी आणि पोलिसांनी. नोव्हेंबरात दिल्लीत लाल किल्ल्यापाशी पुन्हा स्फोट झालाच. अमेरिकेने तर वीस वर्षं अफगाणिस्तानात लढून काबूल शेवटी तालिबानच्याच हाती दिलं.

सीमेपलीकडच्या छावण्या उद्ध्वस्त करण्याचा हक्क देशाला आहे, हे मी मानतो. पण दहशतवादी हल्ल्याला उत्तर म्हणून युद्ध मला समर्थनीय वाटत नाही. ज्यांनी हात चालवला त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही, आणि तपास कच्चा राहिला तरी लोक खूश राहतात हे सरकारला शिकवतं. लोकल खटल्यात कबुलीजबाब टिकले नाहीत, ओळखपरेड घेणाऱ्याला तसा अधिकार नव्हता, बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते हेही सिद्ध झालं नाही. त्या निकालानंतर दहा दिवसांनी मालेगावच्या २००८ च्या स्फोटातले सातही आरोपी सुटले. एका निकालावर पेढे आणि दुसऱ्यावर शिव्या, हे आरोपींचं नाव-गाव पाहून ठरलं. मेलेल्यांच्या घरची माणसं दोन्हीकडे रिकाम्या हातांनी परतली.

राज्य सरकारने लोकल खटल्यात सर्वोच्च न्यायालयात अपील केलं आहे. तुमच्या आमदाराला, खासदाराला त्याबद्दल विचारा. खरे गुन्हेगार शोधायला नव्याने तपास करणार का, आणि ज्यांनी पहिला तपास नासवला त्यांना जाब विचारणार का, याचं उत्तर लेखी मागा.