परभाषेची शिकवणी कोणाला परवडते?

नाशिकच्या कॉलेज रोडवरून किंवा गंगापूर रोडवरून संध्याकाळी जाणाऱ्याला शिकवणी वर्गांच्या पाट्या वाचण्यावाचून गत्यंतर नसते. गणित-विज्ञानाच्या पाट्या जुन्याच. त्यांच्या शेजारी इंग्रजी संभाषणाच्या पाट्या आल्या आणि अलीकडे जर्मन-फ्रेंचच्याही. ‘प्रत्येकाकडे व्यक्तिशः लक्ष’ हे त्यांचे मुख्य आश्वासन. या आश्वासनाची किंमत कोण मोजतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

परभाषेची गरज या परिसराला नवी नव्हे. १९६४ साली ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहू लागला, तेव्हा सोव्हिएत तंत्रज्ञानाबरोबर रशियन भाषेचे जाणकारही लागले. पुढे नाशिकची द्राक्षे नेदरलँड्स व जर्मनीच्या बाजारात पोहोचली. फरक इतकाच, की ओझरला भाषेची गरज कारखान्याची होती व ती भागविण्याची जबाबदारीही त्याचीच होती. आज गरज नोकरी शोधणाऱ्या मुलाची मानली जाते आणि खर्च त्याच्या आईवडिलांचा.

हा खर्च अविचाराने होतो, असे म्हणता येणार नाही. आझम, चिन व प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या भारतीय पुरुषाची ताशी मजुरी इंग्रजी न येणाऱ्यापेक्षा सरासरी ३४ टक्क्यांनी अधिक आढळली. आणि हा फरक शिक्षण, वय, सामाजिक गट इत्यादी गोष्टी जमेस धरूनही उरलेला होता. मुंबईच्या दादर भागातील शाळांचा मुन्शी व रोझेनझ्वाइग यांनी केलेला, २००६ मधील अभ्यास तर अधिकच बोलका आहे. ज्ञातिबांधवांच्या ओळखीने कामगारवर्गातील नोकरी मिळण्याची वाट ज्या जातींतील मुलांना मोकळी होती, ती मुले मराठी माध्यमातच राहिली. त्यांच्या बहिणींना अशी वाट नव्हती. म्हणून त्या इंग्रजीकडे अधिक वेगाने वळल्या. माणसे भाषेचा हिशेब किती चोख करतात, हे यावरून दिसते.

मग शाळा काय करते? महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावी झालेल्या मुलाने दहा वर्षे ही भाषा शिकलेली असते. तरीही मुलाखतीला जाण्यापूर्वी तो संभाषणाचा वर्ग लावतोच. दोष शिक्षकाच्या माथी मारणे सोपे आहे. पण थोडे गणित करावे. ४५ मिनिटांच्या तासाला ६० मुले असतील आणि शिक्षकाने निम्माच वेळ स्वतःकडे ठेवला, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला २२ सेकंद येतात. नाव सांगून होते न होते तोच पाळी संपते! सहा जणांच्या तासाभराच्या तुकडीत याच हिशेबाने प्रत्येकाला ५ मिनिटे मिळतात. शिकवणीत विकत मिळते ती ही बोलण्याची पाळी. व्याकरण तर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतूनही पिढ्यान्‌पिढ्या शिकल्या.

एकेकट्या विद्यार्थ्याला दिलेल्या शिकवणीचा प्रभाव बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली मांडला. त्यांच्या मते असा सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम बराच कमी दिसला, तरी तो नाकारला गेलेला नाही. अडचण आहे ती खर्चाची. यंत्राने कापड स्वस्त झाले. शिक्षकाचा तास तसा स्वस्त होत नाही. बॉमोल व बोवेन यांनी १९६६ मध्ये नाट्य-संगीतादी कलांच्या संदर्भात हेच दाखविले होते: चौघांनी वाजवायची रचना आजही चौघांनाच आणि तेवढाच वेळ वाजवावी लागते. साहजिकच लहान तुकडीची फी चढीच राहणार, आणि सातपूर-अंबडच्या कंत्राटी कामगाराचा किंवा सुरगाण्याहून शिकायला आलेला मुलगा दाराबाहेरच राहणार. २०२५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील २७ टक्के विद्यार्थी खाजगी शिकवणी घेतात. उरलेल्यांत न परवडणारे किती, हाच खरा प्रश्न.

येथे सरकारचेच एक उदाहरण उपयोगी पडावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला आणि त्यासाठी जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलण्याचे ठरविले. तिकडे परिचारिका म्हणून मान्यता मिळण्यास बी-२ पातळीचे जर्मन लागते. ते साठ जणांच्या वर्गात बसून येत नाही. योजनेच्या अंमलबजावणीविषयी मतभेद असतील, परंतु भाषाशिक्षण ही सार्वजनिक गुंतवणूक आहे, हे तत्त्व तीत मान्य झाले. मग जर्मनीला जाणाऱ्या मुलासाठी जे योग्य, ते सातपूरला मुलाखत देणाऱ्यासाठी अयोग्य कसे?

महाविद्यालयांच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात. भाषेत पदव्युत्तर झालेले तरुण तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात राबतात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय तर नाशिकलाच आहे. सहा-सहा जणांच्या संभाषण तुकड्या, ऐपतीप्रमाणे फी आणि शिक्षकाला तासाचा रास्त मोबदला, एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. पहिल्या वर्षी केवळ इंग्रजी घ्यावे व प्रवेशात तालुक्याच्या गावांहून येणाऱ्यांना अग्रक्रम द्यावा. बस चुकू नये म्हणून तुकड्या साडेसहाच्या आत सुटाव्यात.