आधी हवा, मग रंग

भाचीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि भीमाची गदा रंगवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. थर्माकोलचा गोळा, आत पीव्हीसीचा पाइप, वर सोनेरी रंग, एवढाच मामला. एअरब्रश घेऊन आठवडाही झाला नव्हता, त्यामुळे हौस दांडगी. लॅकरचा सोनेरी रंग थिनरमध्ये पातळ केला आणि मारला. पहिल्या हाताला गदा झळकली. दुसऱ्या हाताला गोळ्यावर देवीचे वण उठले आणि पाच मिनिटांत अंगठा जाईल एवढे खड्डे पडले. थिनर थर्माकोल खातो हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, मी ऐकलं नव्हतं. मग रात्री जुनी वर्तमानपत्रं आणि फेव्हिकॉल थापून खड्डे भरले, वाळल्यावर वरून ॲक्रिलिक मारलं. भीम वेळेवर रंगमंचावर गेला.

ही गोष्ट घरी आणि बाहेर बरीच सांगून झाल्यामुळे असेल, पण ‘पहिला एअरब्रश कुठला घेऊ?’ हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. कुणाला रणगाड्याचं मॉडेल रंगवायचं असतं, कुणाला फोमचं शिरस्त्राण, कुणाला घरचा शाडूचा गणपती. प्रश्न कंपनीच्या नावापासून सुरू होतो. माझं उत्तर कॉम्प्रेसरपासून सुरू होतं आणि समोरच्याचा चेहरा पडतो.

एअरब्रश ही वस्तू दिसते तेवढी गूढ नाही. पेनाएवढ्या नळीत एक लांब टोकदार सुई असते. तिचं टोक नोझलच्या भोकात बसलेलं असतं. नोझलभोवतून जोरात हवा गेली की तिथला दाब कमी होतो, रंग ओढला जातो आणि त्याचा धुरळा होतो. सुई मागे सरकेल तितकं भोक मोकळं होतं आणि तितका रंग येतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात अब्नर पीलर याने 1879 च्या सुमारास या जातीचं पहिलं यंत्र केलं. छायाचित्रं हाताने सुधारणाऱ्यांनी ते उचलून धरलं. ‘एलियन’ या 1979 च्या चित्रपटातला तो लाळ गाळणारा प्राणी ज्याच्या डोक्यातून आला, त्या स्वित्झर्लंडच्या एच. आर. गिगरचं मुख्य हत्यार एअरब्रशच होतं.

घोड्याचे, म्हणजे बोटाने दाबायच्या कळीचे, दोन प्रकार. सिंगल ॲक्शनमध्ये घोडा दाबला की हवा आणि रंग एकदम येतात, रंग किती यायचा ते स्क्रू फिरवून आधीच ठरवायचं. डबल ॲक्शनमध्ये दाबलं की नुसती हवा येते आणि दाबलेलाच घोडा मागे ओढला की रंग येतो. नवशिक्याने सिंगल घ्यावा असं पुष्कळ जण सांगतात. मला हा सल्ला पटत नाही. डबल ॲक्शनची सवय दोन-तीन संध्याकाळींत लागते, सिंगलचा कंटाळा महिन्याभरात येतो. नियम एकच बोटात भिनवायचा: सुरू करताना आधी हवा, मग रंग, आणि थांबताना आधी रंग बंद, मग हवा. हा क्रम चुकला की पुढच्या फटक्याला तोंडाशी साचलेला रंग थुंकल्यासारखा कामावर उडतो.

रंगाचा कप वर असलेला घ्यावा. त्यात रंग आपल्या वजनाने खाली येतो, त्यामुळे कमी दाबावर काम होतं आणि चार थेंबांतही भागतं. खाली बाटली लावायचा प्रकार मोठ्या कामाला बरा, पण त्याला दाब जास्त लागतो आणि बाटलीच्या तळाला रंग वाया जातो. नोझल 0.3 किंवा 0.35 मिलिमीटरचं असावं. 0.2 बघून लोक भुलतात, कारण डोळ्यांसमोर केसाएवढी रेघ येते. पण बारीक भोकात रंग वाळून अडकतो आणि नवशिक्याचा अर्धा दिवस सुई काढण्यात आणि घालण्यात जातो. ढाल, चिलखत, मुकुट असली मोठी कामं करायची असतील तर 0.5 घ्या. आणि खरं सांगायचं तर तीन फुटी ढालीवर बेसचा हात स्प्रे कॅनने मारावा. एअरब्रश शेडिंगसाठी, कडा काळवंडण्यासाठी, गंज दाखवण्यासाठी राखून ठेवावा.

आता हवेकडे येतो.

पेणला गणपतीच्या कारखान्यात ऐन पावसाळ्यात जाऊन बघा. बॉडी कलर स्प्रे गनने, सोंडेची आणि पोटाची शेड गनने, आणि डोळ्यांची आखणी मात्र हातातल्या ब्रशने. तिथले कारागीर गनच्या कंपनीबद्दल क्वचितच बोलतात. बोलतात ते हवेबद्दल. मूर्ती रंगवायचा हंगाम नेमका कोकणातल्या सर्वांत दमट महिन्यांत येतो, आणि दमट हवा दाबली की ती पाणी सोडते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तेच इथे टाकीच्या आणि नळीच्या आत होतं. ते पाणी रंगाबरोबर बाहेर आलं की तयार गालावर टपोरा थेंब पडतो. म्हणून कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप हवाच, आणि दिवसाच्या शेवटी टाकीखालची चकती सैल करून साठलेलं पाणी काढायचं.

छंदासाठी तीन लिटरची टाकी असलेला छोटा पिस्टन कॉम्प्रेसर पुरतो. बिनटाकीचा स्वस्त मिळतो, पण त्याची हवा धडधडत येते, यंत्र सतत चालू राहून तापतं आणि गरम हवेतली वाफ नळीत जाऊन गार होते. टाकीवाला दाब भरला की गप्प बसतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला याची किंमत रात्री अकरा वाजता कळते. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरपासून घरी केलेले जुगाडही मी पाहिले आहेत. आवाज जवळजवळ नाहीच, पण त्यातून तेलाचा अंश येतो, तेव्हा नीट फिल्टर लावल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. ब्रशच्याच बुडाला चिकटवलेले चार्जिंगचे कॉम्प्रेसर हल्ली फार दिसतात. केकवर फुलं मारायला ठीक आहेत, पण त्यांचा दाब मनासारखा बारीक लावता येत नाही.

दाब मोजताना एक गंमत होते. रेग्युलेटरवर 20 पीएसआय लावला आणि घोडा दाबला की काटा खाली येतो. म्हणून घोडा दाबून, हवा चालू ठेवूनच दाब लावायचा. बारीक कामाला 15 ते 20, मोठ्या पृष्ठभागाला 25 ते 30. रंग दुधाइतका पातळ असावा. कपाच्या कडेवर ब्रशने रंग चढवून बघा: दुधासारखा ओघळून मागे पातळ पडदा राहिला तर ठीक, सायीसारखा थबकला तर आणखी पातळ करा. ॲक्रिलिक सुईच्या टोकावर फार लवकर वाळतं, त्यासाठी रिटार्डरचा एखादा थेंब घालतात आणि मधूनमधून ओल्या कापसाने टोक पुसतात.

मास्कबद्दल मी भीड ठेवत नाही. साधा एन-95 रंगाचा धुरळा अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. लॅकर मारणार असाल तर वाफेसाठीच्या काडतुसांचा मास्क ब्रशबरोबरच घ्या आणि खिडकी उघडी ठेवा. दोन भाग मिसळून मारायच्या गाड्यांच्या रंगाला घरात हात लावू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसाला कायमचं सतावू शकतं.

मग ब्रश कुठला? जपानी इवाता किंवा जीएसआय क्रिओस, जर्मन हार्डर अँड स्टीनबेक, अमेरिकी बॅजर ही वर्षानुवर्षं टिकणारी नावं. त्यांच्या मानाने फार कमी पैशांत मिळणाऱ्या नकला सगळ्याच टाकाऊ नसतात. मी स्वतः नकलेवरच शिकलो. मात्र तिची सुई दुकानात बाहेर काढून नखावर हलकेच ओढून बघा. ओरखडा उठला तर टोक वाकलेलं आहे, ती नक्कल घेऊ नका. बॅजर किंवा पाशे घेतलात तर त्यांच्या नळीचे आटे इतरांपेक्षा वेगळे असतात, 1/8 इंचाच्या नळीला जोडायला ॲडॉप्टर लागतो. आणि महागाचा ब्रश घेण्याइतके पैसे असतील तर आधी कॉम्प्रेसर चांगला घ्या. भिकार हवेवर इवाताही भिकारच रंगवतो.

पहिले दोन दिवस रंग कपात घालूच नका. पाण्यात फाउंटन पेनची शाई मिसळा आणि जुन्या वर्तमानपत्रावर ठिपके काढा, मग ठिपके जोडणाऱ्या रेघा. मथळ्यातल्या अक्षरांच्या गाठी बाहेर न सांडता भरता येऊ लागल्या की मगच गदेकडे वळा.

सफाईवर बहुतेक ब्रश मरतात. काम झालं की कपात क्लीनर, मग सुई मागून काढून मुळाकडून टोकाकडे पुसायची, उलट कधीही नाही. परत घालताना ती अडली की थांबायचं, कारण जोर दिला की नोझल चिरतं. नोझल अनेक ब्रशांत तांदळाच्या कणीएवढंच असतं. माझं पहिलं नोझल बेसिनवर धुताना बोटांतून निसटलं, टिंग असा आवाज आला आणि ते मोरीच्या जाळीतून खाली गेलं. दुसरं यायला तीन आठवडे लागले. तोवर ब्रश डबीत, रंग कपाटात आणि अर्धवट शिरस्त्राण टेबलावर. तेव्हा ब्रश मागवाल त्याच पाकिटात त्याचं एक नोझल जास्तीचं मागवा, आणि सफाईला बसण्याआधी जाळीवर फडका टाका.