वार आणि नाळ

मातेचेच रक्त गर्भाच्या अंगात खेळते, असा समज पुष्कळांचा असतो. परंतु तो यथार्थ नव्हे. गर्भाशयाला चिकटलेल्या वारेत दोघांचे रक्त एका पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी वाहते. त्या पडद्यातून प्राणवायू व अन्नरस गर्भाकडे जातात आणि त्याची त्याज्य द्रव्ये मातेकडे येतात. सुमारे ५० सेंटिमीटर लांबीच्या नाळेतील एक नीला शुद्ध रक्त गर्भाकडे आणते. दोन रोहिण्या अशुद्ध रक्त वारेकडे नेतात. जन्मानंतरही काही काळ वारेतील रक्त बालकाकडे वाहत असते. म्हणूनच मूल सुखरूप असल्यास निदान १ मिनिट नाळ कापू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या रक्तातील लोह पुढे कित्येक महिने बालकाला रक्तक्षयापासून जपण्यास साहाय्यभूत होते.