हिशेबातली साखर, भांड्यातली साखर

घरी धान्यापासून बीअर करणाऱ्यांना सर्वांत जास्त सतावणारा आकडा म्हणजे मॅशची कार्यक्षमता. भरडलेले मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, गरम पाण्यात तासभर भिजवायचे (हाच मॅश), त्यातल्या पिष्टाची साखर होऊ द्यायची आणि तो गोड रस, म्हणजे वर्ट, निथळून उकळायला घ्यायचा. मॉल्टमधून मिळण्यासारखी जेवढी साखर होती, तिच्यातली किती टक्के उकळण्याच्या भांड्यात उतरली, हे हा आकडा सांगतो. घरगुती साधनांवर ७० ते ८० टक्के मिळतात. पण एखाद्या दिवशी कृती तीच, मॉल्ट तेच, आणि हिशेब येतो ६० टक्क्यांवर. कधी तर १०२ टक्के!

अशा वेळी संशय लगेच मॉल्टवर किंवा भरडण्यावर जातो. माझे सांगणे असे की, तो आधी मापांवर जायला हवा. कार्यक्षमता कोणत्याही उपकरणावर दिसत नाही. मॉल्टचे वजन, त्याची साखर देण्याची क्षमता, वर्टचे आकारमान आणि वर्टची घनता या चार आकड्यांवरून ती काढावी लागते. चारांपैकी एक जरी हलला, तरी निकाल हलतो.

हा छंद मुळात ब्रिटन-अमेरिकेतला. ब्रिटनने १९६३ साली घरगुती बीअरवरची परवान्याची अट काढून टाकली. अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरापुरती बीअर करमुक्त झाली. तिकडे स्थायिक झालेली मराठी मंडळीही त्यात रमतात. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बीअर करता येत नाही. पण पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली आणि पुढे मायक्रोब्रूअरी वाढत गेल्या. तिथल्या ब्रूअरलाही प्रत्येक घाण्याला हाच हिशेब मांडावा लागतो.

एका मापाने बदललेली बीअर

या हिशेबाला सव्वादोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. अठराव्या शतकात लंडनची प्रसिद्ध पोर्टर बीअर तपकिरी मॉल्टपासून होत असे, कारण ते स्वस्त पडे. इंग्लंडमधल्या हल शहरातला ब्रूअर जॉन रिचर्डसन याने १७८४ साली सॅकरोमीटरच्या वापरावर पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्याकडे दुधाला लॅक्टोमीटर लावतात, तेच तत्त्व: द्रव जितका घट्ट, तितकी काचेची नळी वर तरंगते. मोजमाप सुरू झाल्यावर कळले, की फिकट मॉल्टच्या मानाने तपकिरी मॉल्टमधून बरीच कमी साखर उतरते. पोत्याच्या भावाने स्वस्त असलेला माल साखरेच्या भावाने महाग पडत होता! ब्रूअर फिकट मॉल्टकडे वळले. मग पोर्टरला काळसर रंग आणायचा कसा, हा प्रश्न आला. १८१७ साली डॅनियल व्हीलरने काळेभोर मॉल्ट भाजण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि तो सुटला.

साठ टक्क्यांची उकल

आता एक हिशेब मांडून पाहू. एक किलो फिकट मॉल्ट साधारण ३०० पॉइंट देऊ शकते. म्हणजे त्याची सगळी साखर एका लिटरात आणता आली, तर घनता १.३०० भरेल. पाच किलोचे झाले १,५०० पॉइंट. भांड्यात २८ लिटर वर्ट आहे आणि हायड्रोमीटर, म्हणजे तीच तरंगती नळी, १.०३२ दाखवतो. २८ गुणिले ३२ म्हणजे ८९६ पॉइंट, जेमतेम ६० टक्के.

पण नमुना घेतला तेव्हा वर्ट कोमट, समजा ४० अंश सेल्सियस होते आणि हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेला होता. गरम द्रव विरळ असतो, त्यामुळे नळी खाली बुडते आणि आकडा सुमारे सहा पॉइंटांनी कमी दिसतो. खरी घनता १.०३८. म्हणजे १,०६४ पॉइंट, ७१ टक्के. केवळ कोमटपणाने अकरा टक्के गिळले होते. आता आकारमान पाहा. २८ लिटरची खूण वर्ट ७० अंशांवर असताना वाचली असेल, तर निवल्यावर ते सुमारे २७.४ लिटर भरते. उकळत्या वर्टमध्ये हा फुगवटा चार टक्क्यांपर्यंत जातो. ही चूक उलट्या दिशेची, म्हणून अंतिम उत्तर ६९ टक्के. नेहमीच्या सत्तरीच्या अगदी जवळ. साखर कुठेही गेली नव्हती.

म्हणून नमुना झाकून पूर्ण निववावा. नळी जारमध्ये हलकेच फिरवून तिला चिकटलेले बुडबुडे झटकावेत आणि डोळा द्रवाच्या पातळीशी आणून, काचेलगत वर चढलेली कड सोडून, सपाट पृष्ठभागाशी आकडा वाचावा. त्याआधी हायड्रोमीटर साध्या शुद्ध पाण्यात तपासावा. आखलेल्या तापमानाला तिथे १.००० यायलाच हवे. थेंबभर वर्टवरून साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर वापरत असाल, तर गरम थेंबातले पाणी उडून आकडा फुगतो, हे ध्यानात ठेवावे.

मापे खरी आहेत का, याची आणखी एक कसोटी आहे. उकळताना पाणी उडते, साखर उडत नाही. उकळण्यापूर्वीचे लिटर गुणिले पॉइंट आणि नंतरचे लिटर गुणिले पॉइंट, हे दोन्ही गुणाकार थंड मापाने जुळले पाहिजेत. २८ लिटर १.०४० आटून २४ लिटर झाले, तर घनता १.०४७च्या आसपास हवी. तशी नसेल, तर माप चुकते आहे.

रूपांतर की निथळ?

मापे पारखल्यावरही आकडा कमीच असेल, तर दोष दोनच जागी असू शकतो: एक तर पिष्टाची साखर पुरती झाली नाही, किंवा झालेली साखर चोथ्यात अडकली. हे ठरवायला पहिल्या निथळीची, म्हणजे वरून धुण्याचे पाणी घालण्यापूर्वीच्या वर्टची घनता पाहावी. किलोला तीन लिटर पाणी घेतले असेल आणि रूपांतर पूर्ण झाले असेल, तर ती १.०८४च्या आसपास येते. १.०७० आली, तर रूपांतर जवळजवळ ८० टक्क्यांवरच थांबले आहे.

तसे असेल तर भरड पाहावी. मूठभर भरड पांढऱ्या कागदावर पसरावी: अख्खा दाणा दिसता कामा नये, टरफले मात्र बरीचशी सलग राहावीत, कारण गाळणीचे काम तीच करतात. गिरणीच्या रुळांमधले अंतर साधारण एक मिलिमीटर असते. गव्हाचे मॉल्ट बारीक आणि कठीण, त्याला ते आणखी कमी करावे लागते. पाठोपाठ तापमान. जवाचे पिष्ट सुमारे ६० ते ६५ अंशांत फुलते; थर्मामीटर दोन-चार अंश चढा दाखवत असेल, तर मॅश प्रत्यक्षात थंड राहतो. आतून कोरड्या राहिलेल्या गुठळ्याही साखर अडवतात. मग पाणी. मॅशचा सामू ५.२ ते ५.६ हवा, बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात, विशेषतः फिकट मॉल्टबरोबर, तो वर जातो आणि विकरे मंदावतात. आयोडीनचा थेंब निळाकाळा झाला तर पिष्ट शिल्लक आहे हे नक्की. पण न झाला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण जाड कण्यांच्या पोटातले पिष्ट त्या थेंबापर्यंत पोचलेलेच नसते.

पहिली निथळ चांगली आणि भांड्यातला एकूण हिशेब कमी, तर दोष धुण्यात आहे. पाच किलो मॉल्ट सुमारे पाच लिटर वर्ट धरून ठेवते. ते जितके गोड राहील, तितकी साखर चोथ्याबरोबर जाते. पाणी घाईने सोडले, की ते थरातून एकाच वाटेने पळते आणि बाजूचे धान्य न धुताच राहते. सावकाश सोडावे, एकदम पाणी घालण्याची पद्धत असेल, तर नीट ढवळून मग निथळावे. कडक बीअरला धान्य जास्त आणि धुण्याचे पाणी कमी, त्यामुळे तिची कार्यक्षमता घसरणारच. त्यात दोष शोधू नये.

जास्तीचाही संशय घ्यावा

१०२ टक्के आले, तर वर्ट ढवळले नव्हते असे समजावे. पहिली घट्ट निथळ तळाशी बसते, नंतरची पातळ तिच्यावर तरंगते आणि तळाच्या तोटीतून घेतलेला नमुना फुगीर आकडा देतो. आकडा खरोखर वाढवण्याच्या नादात चोथा धूत राहणेही बरे नाही. निथळ १.०१०च्या खाली उतरली, तिचा सामू ६च्या वर गेला किंवा पाणी ७७ अंशांपेक्षा गरम झाले, की टरफलांतले टॅनिन उतरते आणि बीअर तुरट लागते.

८५ टक्क्यांचा मान मिरवण्यात मला अर्थ दिसत नाही. ७० टक्के मिळत असतील, तर मूठभर मॉल्ट जास्त घेऊन हवी ती बीअर करता येते. पण आज ६०, उद्या ७८ असे होत राहिले, तर कोणतीच कृती दुसऱ्यांदा तशीच उतरत नाही. म्हणून वजन, तापमान, लिटर आणि घनता दर खेपेला एकाच पद्धतीने, त्याच उपकरणांनी घ्यावी आणि वहीत लिहावी. आकडा स्थिर झाला, की तो कितीही असो, त्याच्यावर विसंबून पुढची बीअर आखता येते.