पाय आधी, डाव नंतर
मातीतलं शास्त्र : लेखांक ६

गेल्या लेखांकात आपण दमसास पाहिला. दम शिल्लक असलेला पहिलवान शेवटच्या टप्प्यात भारी का पडतो, ते समजून घेतलं. आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. दोन पहिलवान एकाच तालमीतले, वजन सारखं, डावही तोच. तरी एकाचा डाव अचूक लागतो आणि दुसऱ्याचा फसतो. नागपंचमीच्या दंगलीत काठावर बसलेली जाणती माणसं अशा वेळी म्हणतात, "पोरानं वेळ साधली." ही वेळ साधणं म्हणजे नेमकं काय? ते उपजत असतं, की शिकता येतं?

ते शिकता येतं. वेळ साधण्याचं बहुतेक काम तो क्षण येण्याआधीच झालेलं असतं. कुठे उभं राहायचं, किती अंतर ठेवायचं आणि काय तयार ठेवायचं, यातच ते असतं. आज हे आखाड्यात, जाम नदीच्या पात्रात आणि पांढुर्णा-सौंसरच्या संत्राबागांत पडताळून पाहू.

डोळ्यांवर भिस्त ठेवली तर उशीर होतो

डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. सराव कितीही केला तरी हा वेळ फारसा कमी होत नाही. धावण्याच्या शर्यतीत बंदुकीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत कुणी हललं, तर तो दोष धरतात. इतक्या लवकर कुणी ऐकून निघूच शकत नाही, असं त्यात गृहीत असतं.

ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापाशी पोचतो. पाहणं, ठरवणं आणि बॅट फिरवणं एवढ्या वेळात बसवणं अवघड. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड या संशोधकांनी २००० साली फलंदाजांच्या नजरेचा मागोवा घेतला. चेंडू हातातून सुटताना फलंदाज तो पाहतात आणि मग चेंडूचा माग सोडून नजर पुढे, टप्पा पडण्याच्या जागी नेऊन ठेवतात, असं त्यांना दिसलं. चांगल्या फलंदाजाची नजर तिथे लवकर पोचते. म्हणजे "त्याच्याकडे वेळच वेळ असतो" असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, त्याने तो वेळ आधी ओळखून कमावलेला असतो.

पाऊल आपण टाकायला लावायचं

कुस्तीत सलामीनंतर खडाखडी सुरू होते. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, अजून काहीच होत नाहीये. खरं तर कुस्तीचा अर्धा निकाल तिथे लागत असतो. मनगट धरून, मानेवर हात टाकून, खांद्याला खांदा लावून पहिलवान एकच गोष्ट चाचपत असतो: समोरच्याचा भार कोणत्या पायावर आहे?

एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडण्याचा डाव, काढायचा आहे असं समजा. समोरचा वाकून, पाय मागे ठेवून उभा असेल, तर कितीही चपळाईने झेपावलं तरी तो वरून दाबून टाकील. म्हणून जाणता पहिलवान आधी त्याची मुंडी खाली ओढतो. ओढलं की समोरचा प्रतिकार म्हणून मान आणि छाती वर उचलतो. त्या क्षणी त्याचे पाय उघडे पडतात आणि पट निघतो. बघणाऱ्याला वाटतं, संधी मिळाली आणि याने घेतली. ती संधी याने स्वतः घडवलेली असते, म्हणून ती कधी येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं.

जपानी ज्यूदोने हीच गोष्ट पायरीपायरीने मांडली आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही संस्था सुरू केली. त्यांच्या शिकवणीत फेकीचे तीन भाग आहेत: आधी समोरच्याचा तोल मोडायचा, मग स्वतःचं अंग योग्य जागी बसवायचं आणि शेवटी फेकायचं. तिन्हींपैकी दोन भाग फेकीच्या आधीचेच आहेत. पुढे येणारं पाऊल झाडून पाडण्याचा त्यांचा एक डाव आहे. पाऊल अजून हवेत असताना झाडलं तर ते निसटतं. जमिनीवर पूर्ण भार आल्यावर झाडलं तर हलत नाही. भार येऊ लागतो तेवढा पळभरच उपयोगाचा. हा पळ टिपायचा तर स्वतः मागे सरकून समोरच्याला ते पाऊल टाकायला लावावं लागतं.

पवित्र्याला आपल्या आखाड्यात एवढं महत्त्व का, हे यातून उलगडतं. गुडघे किंचित वाकलेले, पायांत योग्य अंतर, भार दोन्ही पायांवर: असा उभा असलेला पहिलवान कोणत्याही दिशेला लगेच निघू शकतो. पाय जुळलेले किंवा ताठ असतील, तर आधी पाय सुधारावे लागतात आणि तेवढ्यात क्षण जातो. उस्ताद पोराला डाव शिकवण्याआधी जोर-बैठकांवर आणि पायांवर महिनोन्‌महिने घालवतात. तो वेळ वाया गेला असं कुणी समजू नये.

खाशाबा जाधवांची वाटचाल याच तयारीची साक्ष आहे. गोळेश्वरचा हा मल्ल मातीत घडलेला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवरच्या कुस्तीत ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं आणि स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. त्या प्रवासाच्या खर्चासाठी गावाने वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं. हेलसिंकीतला तो दिवस इतक्या जणांनी मिळून आधीच जवळ आणून ठेवला होता.

गोटमारीत चपळाई का पुरत नाही

पांढुर्ण्यात राहून गोटमारीबद्दल न बोलणं बरं नव्हे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड आणि झेंडा रोवला जातो, आणि एका काठावरून पांढुर्णा तर दुसऱ्या काठावरून सावरगाव गोटे मारतं. झेंडा तोडून चंडीमातेच्या मंदिरात नेईपर्यंत हे चालतं. यात माणसं मेली आहेत, दरवर्षी शेकडो जखमी होतात.

कुस्तीत समोर एक माणूस असतो. त्याचा खांदा, कंबर, पाय दिसतात. तो काय करणार याचा अंदाज बांधता येतो. नदीच्या पात्रात गोटे शेकडो हातांतून येतात. कुणाचा खांदा पाहणार? जिथे खूण वाचताच येत नाही, तिथे सरावलेली नजर कामाला येत नाही. तिथे एकच गोष्ट माणसाला वाचवते: अंतर. दरवर्षी पहिला गोटा सुटण्याआधी काठांवर उपचाराचे तंबू आणि रुग्णवाहिका लावतात, तीही जागा धरण्याचीच गोष्ट आहे. डोकं फुटल्यावर डॉक्टरला निरोप धाडून भागत नाही. झेंड्याकडे धावणाऱ्या पोरांच्या धाडसाबद्दल मला शंका नाही. त्या धाडसाला आखाडा मिळावा, जिथे शिकलेलं उपयोगी पडतं आणि हरलेला मुलगा संध्याकाळी घरी जेवायला येतो, असं मला मनापासून वाटतं.

ताण द्यायचा, ताण तोडायचा

वेळ साधण्याचं सगळ्यांत मोठं विद्यापीठ मात्र आपल्या शेतांत आहे. संत्र्याच्या झाडाला आपल्या हवेत वर्षातून एकाहून अधिक वेळा फुलं येऊ शकतात. मोकळं सोडलं तर ती थोडी-थोडी, अवेळी येतात आणि कोणताच बहार धड मिळत नाही. म्हणून शेतकरी एकच बहार धरतो, आंबिया किंवा मृग. आंबियाची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ पावसाळ्यानंतर निघतं. मृगाची फुलं जून-जुलैत येतात आणि फळ फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघतं.

आंबिया हवा असेल तर शेतकरी हिवाळ्यात पाणी तोडून बगीचा ताणावर सोडतो. वाढ थांबते, झाड आपलं अन्न साठवतं आणि फुलांची तयारी करतं. थंडीही मदत करते. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस लागतात. कमी पडला तर फुलाऐवजी नुसती पालवी फुटते. जास्त झाला तर पानगळ होते, फांद्या वाळतात. पानं मलूल होऊ लागली की जाणता शेतकरी खत देऊन ताण तोडतो, पहिलं पाणी हलकं, मग बेताबेताने वाढवत. काही आठवड्यांत बाग फुलते तेव्हा रस्त्याने जाणारा म्हणतो, यंदा बहार छान फुटला. दोन महिने पाण्याची तोटी बंद ठेवण्याचा धीर त्याला दिसलेला नसतो.

मृगाचा ताण मे महिन्यात द्यायचा आणि तो पावसाने तुटायचा. पाऊस आपल्या हातात नाही. पण आळी बांधून ठेवणं, खत आणून ठेवणं, पाणी साचू नये म्हणून उताराला चर काढणं हातात आहे. अवकाळी पाऊस कधी सगळंच उधळतो. तयारीने यशाची हमी मिळत नाही. योग्य क्षण आला तर तो फुकट जाणार नाही, एवढी सोय ती करून ठेवते.

जाहिरात निघण्याआधी

बागेला लागू ते भरतीलाही लागू. पोलीस आणि सैन्यभरतीची स्वप्नं पाहणारी मुलं-मुली इथे गावोगावी आहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच: भरतीची जाहिरात निघाल्यावर धावायला सुरुवात केली तर पोटऱ्या आणि घोटे तेवढ्या आठवड्यांत तयार होत नाहीत, उलट दुखावतात. मूळ निवासी आणि जातीचे दाखले आजच काढून ठेवा. आधार कार्डावरचं आणि गुणपत्रिकेवरचं नाव एकसारखं आहे का, ते आत्ताच पाहा. आपल्यापैकी अनेकांच्या घरात मराठी आणि शाळेत हिंदी असते; तेव्हा हिंदीतल्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवण्याचा सराव आधीच करा. हा तुमचा पवित्रा आहे. यातलं प्रत्येक काम आज कंटाळवाणं वाटेल आणि भरतीच्या दिवशी एकेक अडथळा कमी करील.

आईबाबांनीही मुलाला "संधी आली की सोडू नकोस" एवढंच सांगून थांबू नये. "संधी आली तर तुझे पाय कुठे असतील?" असं विचारावं. या प्रश्नाचं उत्तर रोजच्या वेळापत्रकात सापडलं पाहिजे.

पुढच्या लेखांकात : डाव फसल्यावर काय? खाली पडताना अंग कसं सोडायचं आणि पुन्हा उभं कसं राहायचं, ते मल्लखांब आणि आखाड्याच्या आधारे पाहू.